दुसरं काही येतं का तुला?

"निघ इथून! तोंडाला वास येतोय तुझ्या," विहिरीच्या काठावरून थोरला गरजला. "तुझ्या हातात दोर देण्यापेक्षा मी एकटाच गाळ काढीन."

"दादा, ती कालची होती. आज थेंब नाही घेतला."

"काल म्हणे! आणि रविवारी देवळात मागच्या बाकावर बसून काय पुटपुटतोस? 'प्रभो, मी वाईट माणूस. दया कर.' इतकी वर्षं तेच रडगाणं. दुसरं काही येतं का तुला?"

"नाही येत," धाकटा म्हणाला, आणि रागाच्या भरात अनवाणीच चालू लागला.

थोरला गावच्या ख्रिस्ती देवळातलं मोठं प्रस्थ. पाळकांच्या आधी त्याची प्रार्थना, आणि ती इतकी लांब की उभी माणसं तीनदा पाय बदलायची. तर हा शहाणा शिडी लावून एकटा खाली उतरला. चार पाट्या गाळ भरला, पाचवीला पहार मारली आणि तळाचा झरा फुटला. गाळ असा सैल झाला, की बघता बघता गडी मांडीपर्यंत रुतला. शिडी धरली, तर कुजकी पायरीच हातात आली.

ओरडून घसा बसला. वर आभाळाचा तेवढा गोल तुकडा, बाकी चहूकडे दगड. पाणी कमरेला लागलं.

"प्रभो, वीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही." त्यानं एक पाय उपसला, दुसरा आणखी खोल गेला. "देवळाच्या भिंतीला दगड मी दिले. दारूला शिवलो नाही." पाणी छातीला आलं. "आजाऱ्यांना भेटलो. सख्ख्या भावाला..."

इथं जीभ अडली. सख्ख्या भावाला काय? आठवून आठवून डोकं शिणलं, सांगण्यासारखं एक सापडेना. गार पाणी गळ्याशी आलं आणि थोरला लहान पोरासारखा रडला.

"प्रभो, मी वाईट माणूस," तो म्हणाला. "दया कर."

"दादा?" वरून आवाज आला. "माझ्या चपला राहिल्या होत्या रे इथं... अगं आई गं!"

आता यात देव किती आणि चपला किती, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोराचा फास खाली आला. "काखेत घाल! आणि धडपडू नकोस, जितका धडपडशील तितका रुतशील. अंग सोड. मी ओढतो."

जन्मात कुणावर अंग न टाकलेल्या माणसानं अंग सोडलं. धाकट्याच्या तळहातांची सालटी निघाली, पण त्यानं दोर सोडला नाही.

रविवारी थोरला प्रार्थनेला उभा राहिला. लोकांनी सवयीनं पाय ऐसपैस रोवले.

"प्रभो, मी वाईट माणूस. दया कर. आमेन."

कुणाला काही उमगेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून, हाताला फडकी गुंडाळलेला धाकटा हळूच म्हणाला, "दादा, दुसरं काही येतं का तुला?"

"नाही येत रे," थोरला म्हणाला. सगळ्यांदेखत चालत मागं आला आणि भावाला म्हणाला, "सरक जरा."