सरळमार्गी टायर

डॉक्टर दातांचे. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी हौसेने मोटरसायकल घेतली आणि दुकानातले सगळ्यात महागडे टायर बसवून घेतले. "पकड म्हणजे काय पकड आहे!" असं ते पेशंटचे दात कोरता कोरता त्याला सांगत. बिचाऱ्याचं तोंड आधीच उघडं असल्याने त्याला वादही घालता येत नसे.

त्यांचा मेहुणा विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचा. एकदा बहिणीकडे जेवायला आला, तेव्हा खाली पार्किंगमध्येच मागच्या टायरजवळ उकिडवा बसला. टायर मधोमध झिजलेला, पण दोन्ही कडा कोऱ्या करकरीत. रबराचे बारीक केससुद्धा शाबूत.

"भाऊजी, वळणावर गाडी कलवतच नाही की काय? कडा अजून रस्त्याला लागलेल्याच नाहीत. टायर अगदी सरळमार्गी निघाला तुमचा!"

डॉक्टरांची बायको खो खो हसली. डॉक्टरही हसले, पण जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि घेतलं नाही.

येत्या रविवारी तिघांनी डोंगरावरच्या तलावाकडे जायचं ठरलं. शनिवारी दुपारी बायको खाली उतरली, तर डॉक्टर पॉलिश पेपरने टायरच्या कडा घासत बसलेले.

"अहो, काय चाललंय?"

"साफ करतोय."

"कीड लागली होती का?"

डॉक्टरांनी नवा पेपर घेतला. मग दुसरी कड घासून होईपर्यंत ती जिन्याशी उभी राहून कुणी येतंय का ते बघत राहिली. संसार म्हणजे तरी दुसरं काय!

रविवारी मेहुणा आपल्या मोटरसायकलवर आला आणि त्याने टायर नीट निरखला. "वा! एवढ्यात एवढी प्रगती? मग आज पुढे तुम्ही. मी मागून शिकतो."

नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

घाटातल्या पहिल्याच मोठ्या वळणावर डॉक्टरांनी गाडी झोकात कलवली. मागे बायकोला वाटलं, आता पडतोय. ती जीव मुठीत धरून उलट्या बाजूला झुकली. डॉक्टर दचकले, नजर कडेच्या खडीवर खिळली, ब्रेक करकचून दाबला गेला, आणि गाडी खडी ओलांडून पलीकडच्या गवतात म्हशीसारखी सावकाश आडवी झाली.

दोघांना खरचटलंही नाही. मेहुणा मात्र पांढराफटक पडून धावत आला.

"चुकलं माझं," गाडी उभी करता करता तो म्हणाला. "टायर घासलाय हे मला सकाळीच कळलं होतं. वाटलं, वळण यायच्या आत कबूल कराल."

"कळलं कसं?"

"रस्ता असा गोल गोल, प्रेमाने घासत नाही हो. दाताला पॉलिश केल्यासारखं दिसतंय ते!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पण एवढा भारी टायर, तरी पकड सुटली कशी?"

"टायरने पकड सोडलीच नाही. धीर तुमचा सुटला. खडीकडे बघितलंत, गाडी खडीत गेली. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि नजर वळण जिथे संपतं तिथे. गाडी कलली की ब्रेकला झोंबायचं नाही. आणि ताई, तू यांच्या खांद्यावरून पुढे बघ. हे कलतील तशी तूही कल."

"यांच्यावर विश्वास ठेवून?"

"तेवढ्यापुरता."

तिने हेल्मेटचा पट्टा आवळला. "रोज पेशंटला सांगता ना, अंग सैल सोडा, काही होत नाही? तेच करा आता."

"मी सांगतो तेव्हा कोण सोडतं?" डॉक्टर पुटपुटले.

मेहुणा पुढे गेला. हे दोघं इतक्या बेताने निघाले की भाजीचा टेम्पोही त्यांना मागे टाकून गेला. दोन-चार वळणं अडखळत झाली. मग एक रुंद वळण आलं. डॉक्टरांनी आधीच वेग उतरवला, मान वळवून पार पलीकडे बघितलं, आणि गाडी अलगद कलली. खांद्याजवळ बायकोचं हेल्मेट त्याच बाजूला झुकलेलं त्यांना जाणवलं. बोटं ब्रेककडे गेलीच नाहीत. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांनी इतक्या एकमताने काही केल्याचं डॉक्टरांना आठवेना.

"अहो," मागून आवाज आला, "हेच वळण परत घेऊ या?"

तलावाकाठी मेहुणा वाट बघून कंटाळला. शेवटी त्याने फोन लावला. गाडी पुन्हा खालच्या दिशेला वळवायला ते थांबलेच होते; ताईने फोन उचलला.

"कुठे अडकलात? परत पडलात की काय?"

"छे रे! तू खाऊन घे," ती म्हणाली. "आम्हाला अजून वेळ आहे."