चौथं पान

शमिकाने तीन झेरॉक्स पानं टेबलावर ठेवली आणि विचारलं, "काकू, हे अक्षर तुमचंच ना?"

सुमनने चष्मा लावला. अक्षर तिचंच होतं. पानांना हिंदी भाषांतर टाचलेलं होतं आणि वर मथळा होता, 'पाळणाघरातील अनुभवी शिक्षिकेची निरीक्षणे'. कौटुंबिक न्यायालयात मुलीच्या ताब्यासाठी शमिकाच्या नवऱ्याने, देवेंद्रने केलेल्या अर्जाला ती पानं जोडली होती.

"हो," ती म्हणाली.

जयपुरातल्या झालाना भागातल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांची मुलं त्या पाळणाघरात येत. सुमन तिथे अकरा वर्षं होती. नवरा नंदकिशोर विमा कंपनीतून निवृत्त झाला, तेव्हा दोघांनी अमरावतीला परत जायचं ठरवलं होतं. पण सुमनचा पाय या मुलांमधून निघाला नाही. दुपारच्या झोपेनंतरचा खेळाचा तास तिचा. तेव्हा चुंबकाच्या रंगीत, आरपार दिसणाऱ्या चौकोन-त्रिकोणांचा डबा उघडायचा. मुलं त्यांना 'चिपकू' म्हणत. बाकीच्या बाया मुलांना किल्ला नाहीतर गाडी करून दाखवत. सुमन काहीच दाखवत नसे. ती खाली फरशीवर बसायची आणि बांधता बांधता मूल काय पुटपुटतंय ते ऐकायची.

पाच वर्षांची मैत्रेयी सुमनला आजी म्हणायची आणि तिच्यापाशी सगळ्यात जास्त बोलायची. पाळणाघरात मराठी बोलणारं ते एकच पोर, आणि मराठीही अर्धी हिंदीतून आलेली. चौकोनाच्या चारी बाजूंना त्रिकोण पसरायचे आणि टोकं एकदम वर उचलायची, की छप्पर तयार होतं, ही युक्ती तिची तिनेच शोधली होती. आई शमिका रुग्णालयात डॉक्टर, वडील देवेंद्र बँकेत. आठ महिन्यांपासून दोघं वेगळे राहत होते. मैत्रेयी आईकडे असे, आणि शुक्रवारी संध्याकाळी देवेंद्र तिला न्यायला येई.

एका बुधवारी मैत्रेयीने दोन घरं बांधली. एकाला रंगीबेरंगी भिंती, मोठं दार. "हा पप्पाचा घर." दुसरं चारी बाजूंनी बंद. सुमनने विचारलं नव्हतं, तरी तिने कानाशी येऊन सांगितलं, "मम्मा ड्यूटीला. दरवाजा बंद. मी अंदर."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच बंद घर बांधलं. मग त्याचं छप्पर स्वतःच काढलं, आत चौकोनांच्या पायऱ्या लावल्या आणि म्हणाली, "आता मम्मा वरून येते. चुपके से. मला उठवत नाही, फक्त पप्पी घेते." बराच वेळ ती तिच्या मम्माला बोटांनी त्या पायऱ्यांवरून उतरवत राहिली.

शुक्रवारी देवेंद्र नेहमीसारखा लवकर आला आणि बाहेरच्या पायरीवर बसला. तोही अमरावतीकडचा. सुमनशी बोलताना त्याची जीभ सैल सुटायची. जयपुरात घरच्यासारखं बोलायला कुणी नाही, असं तो म्हणे, आणि सुमनलाही ते पटे. लेक काय खेळून राहिली, एवढंच तो विचारी. त्या दिवशी सुमनने त्याला दोन्ही दिवसांचं सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, काकू, हे लिहून द्या ना मला. ती मोठी झाली की दाखवीन.

सुमनने रविवारी बसून चार पानं लिहिली. घरांची चित्रं काढली, रंगीत पेन्सिलीने रंगवलीसुद्धा. चौथ्या पानावर त्या पायऱ्या होत्या, त्यावरून उतरणारी आई होती.

शमिकाने आणलेली पानं तीन होती.

शमिका गेल्यावर सुमनने देवेंद्रला फोन केला. तिला वाटलं होतं तो निदान ओशाळेल. तो शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्ही खोटं थोडीच लिहिलं?"

"चौथं पान कुठं आहे?"

"वकील म्हणाले, तीन पुरे झाले."

मग त्याने नंदकिशोरच्या गुडघ्याची चौकशी केली. सुमनने फोन ठेवला.

त्या रात्रीचा स्वयंपाक नंदकिशोरने केला. सकाळी सुमन शमिकाच्या वकिलाकडे गेली आणि चौथं पान आठवून पुन्हा लिहून दिलं, खाली सही केली. वकिलाने सरळच सांगितलं, की आता मागाहून लिहिलेल्याचं वजन कमी पडणार. पाळणाघराच्या व्यवस्थापक वीणा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मुलांबद्दल परस्पर लेखी काही द्यायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला, असं त्यांनी विचारलं. चूक सुमनची होती, ती तिने कबूल केली.

न्यायालयाचा अंतिम निर्णय व्हायचा होता. तोवर आठवड्यातले तीन दिवस मैत्रेयी वडिलांकडे राहील, असं ठरलं. शमिका हे सांगायला आली तेव्हा रागावली नव्हती. राग करण्याइतकी ताकद तिच्यात उरली नसावी. न्यायालयाच्या समुपदेशक बाईंनी मैत्रेयीला तिच्या बंद घराबद्दल विचारलं होतं, असं शमिका म्हणाली. "बाहेर आल्यावर तिने मला एकच विचारलं, काकू. त्या आंटीला कसं कळलं? ते तर मी फक्त आजीला सांगितलं होतं."

या सगळ्यात तीन आठवडे न आलेली मैत्रेयी पाळणाघरात परत आली. खेळाच्या तासाला सुमनने डबा उघडला आणि नेहमीच्या जागी खाली बसली. मैत्रेयीने दोन्ही हातांनी चौकोन गोळा केले, ओढत कोपऱ्यात नेले, आणि सुमनकडे पाठ करून बसली. थोड्या वेळाने तिने मान वळवली.

"आजी, तू तिकडे बघ."

सुमन उठली. लहान मुलांची एक बुटकी खुर्ची तिने उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि तीत अवघडून बसली. बाहेर टेकडीवरची झाडी उन्हात करपली होती. मागे चुंबकं एकमेकांना चिकटत होती, टक्, टक्. एकदा सगळं कोसळल्याचा आवाज आला. सुमनने मान वळवली नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, टक्, टक्.