डोक्यावरचा गोफ

सारून नाचत होता. झुंजीआधीचा नाच, वस्तादाला वंदन, मातीला वंदन. सनई मंद, ढोल मंद. डोक्यावर वस्तादानं मंतरलेला सुती गोफ. तो डोक्यावर आहे तोवर कुणी हात उगारायचा नाही. वस्तादानं आपल्या हातानं उतरवला की मगच पहिला ठोसा.

अकरा वर्षं बात्तांबांग गावच्या या गड्यानं झुंजीवाचून दुसरं काही केलं नव्हतं. ना नांगर धरला, ना होडी. वैशाखापासून डावा डोळा विझत गेला, ते त्यानं बायकोलाही कळू दिलं नाही. झुंजीआधीच्या डोळ्यांच्या तपासणीत तक्त्यावरची अक्षरं पाठ म्हणून दाखवली. जिंकलं काय, हरलं काय, लढायला तर मिळेल.

नाच संपवून तो कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला, मान झुकवली. वस्ताद फेआप रिंगणाच्या दोरावरून वाकले. गोफाकडे गेलेला हात मधेच थबकला. नाचताना पोराचा डावा खांदा दोनदा दोरावर घासला होता, ते त्यांच्या मनात सलत होतं. त्यांनी मूठ वळली आणि झपकन त्याच्या डाव्या कानशिलापाशी नेली.

पापणी हलली नाही.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मूठ कुठाय माझी, सांग."

सारूनची मान डावीकडे वळू लागली.

"लेका, समोरच्याची उजवी लाथ तुला चितेवर दिसेल."

"दिसू दे. गोफ काढा, वस्ताद. पाया पडतो."

"पडलायसच की."

"एवढी एक झुंज. मला दुसरं येतं तरी काय?"

"मी नाही काढणार."

सारूननं स्वतःचाच हात डोक्याकडे नेला. बोटं गोफाला लागली आणि पोळल्यासारखी मागे आली. आपला गोफ आपण उतरवलेला लढवय्या त्यानं कधी ऐकलाही नव्हता.

पंच खुणावत होता. मागच्या गर्दीतून कुणी ओरडलं, "काय रे, झुंजायला आलास का वरातीत?"

सारून उठला. पुन्हा नाचू लागला. ढोलवाल्या म्हाताऱ्यानं त्याच्या साऱ्या झुंजी वाजवल्या होत्या. त्यानं वस्तादांकडे पाहिलं, खाली मान घातली आणि तोच मंद ठेका धरला. सनईनं सूर दिला. सारूनला वाटलं, हा ठेका आहे तोवर आपण लढवय्या, ढोल आहे तोवर आपण आहोत. एक फेरी. दुसरी. लोक हसत होते.

तिसऱ्या फेरीत डावा खांदा दोरावर आदळला. सारून कोलमडला, हातांनी दोर चाचपू लागला, आणि हसणं विरत गेलं.

ढोल थांबला.