ढाल खाली ठेवायची गोष्ट

नवागामच्या गल्लीतून सुनंदाबाई तरातरा निघाल्या होत्या. एका हातात खडूची पुडी, दुसऱ्यात चिपळ्या आणि डोक्यात जाळ. एरवी गुरुवारी कीर्तनाला निघालं की त्यांची पावलं आपोआप ठेक्यात पडायची. आज ठेका पार सुटला होता.

झालं असं. सुनंदाबाई मराठी शाळेत शिक्षिका आणि मुलींच्या गाइड पथकाच्या प्रमुख. गाइड मुलींच्या बावीस फेब्रुवारीच्या जागतिक चिंतन दिनासाठी त्यांनी मंदिराच्या सभामंडपात धावायचा एक खेळ बसवला होता. फरशीवर खडूची रिंगणं, एकेक रिंगण म्हणजे एकेक देश. चिपळ्या थांबल्या की ज्या रिंगणात पाय, तिथल्या मुलींचा खेळ खेळायचा. घानाच्या रिंगणात गाणं म्हणत दगड शेजारणीपुढे सरकवायचे. आणि कुठेही पोहोचलं तरी समोरचीशी डावा हात मिळवायचा, कारण जगभरच्या गाइड मुली तसाच मिळवतात. त्यामागची आफ्रिकेकडची म्हणून सांगतात ती गोष्टही बाईंनी कीर्तनाच्या थाटात रंगवली होती. ढाल डाव्या हातात असते. तो हात पुढे करायचा तर ढाल खाली ठेवावी लागते. म्हणजे काय, बाळांनो? तर माझा तुझ्यावर भरवसा आहे.

अकरा वर्षांच्या स्वातीच्या मनात ती गोष्ट घर करून बसली. रविवारी मंदिराचे अध्यक्ष योगराजभाऊ आरती आटोपून सराव बघायला आले, तेव्हा तिने धावत जाऊन त्यांच्यापुढे डावा हात केला. भाऊ दोन पावलं मागे सरले. न्यायला आलेल्या तिच्या आईला, मंदाला, त्यांनी चारचौघांत बोल लावला. मंदाने तिथेच पोरीच्या कानाखाली वाजवली. बाईंच्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही. निम्मा जाळ त्याचाच होता.

तेव्हापासून स्वाती वर्गात हात पाठीमागे धरून बसायची. आणि आज भाऊंचा निरोप आला होता: पोरीने देवासमोर नाक घासावं, नाहीतर खेळाला मंडप नाही.

मंडपात योगराजभाऊ कीर्तनाआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत होते.

"या बाई, लवकर आलात आज."

"स्वाती नाक घासणार नाही, भाऊ. शिकवलं मी. घासायचं तर माझं घासून घ्या."

"तुमचं कशाला? तुम्ही शिकल्यासवरल्या. पण पोरींना वळण नको? उद्या डाव्या हाताने प्रसाद घेतील."

"प्रसाद उजव्यानेच घेतात त्या. हा खेळ आहे." बाईंचा आवाज चढला. "आणि ही कणीक कुठं लावताय? आज वाजवा नुसत्या उजव्या हाताने. बघू विठ्ठल कसा उभा राहतो ते."

भाऊंची बोटं कणकेत थांबली. "वाद्याचं वेगळं असतं बाई."

"पोरीचंच तेवढं वेगळं नसतं, होय ना?"

भाऊंनी पुन्हा कणीक थापायला घेतली. बाई वळल्या, बाहेर आल्या आणि मंडपासमोरच्या गल्लीत गुडघे टेकून रिंगणं काढू लागल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. "तिकडनं जा रे, इथं घाना आहे," त्या म्हणाल्या. चिपळ्या ऐकून मुली गोळा झाल्या.

मंदा आली ती साड्यांचं गाठोडं डाव्या कमरेवर घेऊन. टिकल्या चिकटवायला ती कारखान्यातून साड्या घरी आणायची. मागे स्वाती, हात पाठीशी.

"ताई, नको आता. मन्ही पोर शे ती, लोक मलेच बोलतस."

"मंदा, रविवारी मारलंस ते कोणत्या हाताने?"

मंदाने कमरेवरचं गाठोडं सावरलं.

"उजव्याच ना? तो चालला सगळ्यांना. देवाच्या दारात चालला. मीसुद्धा बघत उभी राहिले."

मुलींनी दगड सरकवायचे थांबवले. मंदाने एकदा मंडपाकडे पाहिलं. मग कमरेवरचं गाठोडं उतरवून तिने सरळ धुळीत ठेवलं आणि डावा हात लेकीपुढे केला. बोटांना अजून टिकल्यांचा गोंद होता.

स्वातीने बराच वेळ तो हात पाहिला. मग पाठीमागचा आपला डावा हात हळूच पुढे आणला.

आत पखवाज सुरू झाला, दोन्ही हातांनी. बाईंचा जीव तिकडे ओढला. सोळा वर्षांत त्यांचा एक गुरुवार चुकला नव्हता. आतून भाऊंनी माणूसही पाठवला: बाईंची जागा ठेवलीय.

"भाऊंना म्हणावं, इथंही जागा आहे," बाई म्हणाल्या. "हात कुठला ते त्यांना ठाऊक आहे."

आणि त्यांनी चिपळ्या वाजवायला घेतल्या, आतल्या ठेक्याहून जलद.