पळसावर कात

जयाने स्कार्फ दोन्ही टोकांनी ताणून उन्हात धरला आणि इंदिराबाईंच्या चष्म्यासमोर नेला.

"बघा ना बाई, केशरी नाई वाटत?"

"पिवळा आहे."

"म्हणजे पिवळाच, पण तसा पिवळा नाई. पळसाचा आहे."

"पळसाचा असो की हळदीचा. पिवळा तो पिवळाच," असं म्हणून इंदिराबाई पुढच्या पथकाकडे वळल्या.

आरमोरीच्या त्या मैदानावर शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांचा मिळून स्काऊट-गाइड मेळावा भरला होता आणि गणवेशाची तपासणी इंदिराबाईंकडे होती. निवृत्त शिक्षिका, काम बिनपगारी, पण कडक अशा की त्यांची निळी साडी लांबून दिसली तरी भलेभले स्काऊटमास्तर पट्ट्याचं बक्कल पुसायला लागत. नियम त्यांना तोंडपाठ. पथकाने स्कार्फचा रंग आपल्या मनाने घ्यावा, पण हिरवा, जांभळा आणि पिवळा सोडून. ते तीन वरच्या अधिकाऱ्यांसाठी राखलेले. गाइड पथकाची कॅप्टन असलेल्या जयाने या नियमाचा पहिला अर्धा भाग वाचला होता आणि आनंदाने पुस्तक मिटलं होतं. आता बसा बोंबलत.

तसा बेत केशरीचाच होता. पोंभुर्ण्याच्या पुढचं त्यांचं गाव, फेब्रुवारीत जिकडे बघावं तिकडे पळस फुललेला. होळीला त्याच फुलांचं केशरी पाणी सगळेच करत. या वेळी रंग कपड्याला पक्का बसावा म्हणून पथकातल्या पायलच्या आईने, गुणाबाईने, फुलं उकळत असलेल्या गंजात तुरटी टाकली, आणि टाकली ती सढळ हाताने. पांढरे स्कार्फ पिवळेजर्द होऊन निघाले. ते इतके देखणे दिसले की अंगणात जमलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी नियम कोणाला आठवतो?

जया झाडाखाली परतली. तिच्या पथकातल्या पोरी आकाशी कुर्त्यांत, गळ्यात स्कार्फ बांधून, वेण्या घट्ट घालून तयार बसल्या होत्या. तिचं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"काय म्हणली बाई?" पथकाची पुढारी स्वाती उठून उभी राहिली.

"दुपारच्या मार्चपास्टच्या शिट्टीआधी दुसऱ्या रंगाचे पाहिजेत. नाई त मार्चपास्ट नाई, आन् मार्चपास्ट नाई त तंबू बांधायचा नाई, पूलबी बांधायचा नाई. कायच नाई."

"मंग आमी इथी काय करायचं?"

"पाहायचं," जया म्हणाली आणि स्वतःचंच बोलणं तिला झोंबलं.

ती मेळाव्यातल्या साहित्याच्या दुकानात जाऊन आली. स्कार्फ होते, पण एका रंगाचे पाच-सहाच. निम्म्या पोरी निळ्या आणि निम्म्या लाल, तेही नियमात बसत नव्हतं. गावाकडून दुसरे मागवायचे तर दुसरे होतेच कुठे!

आणि गावच तर इकडे यायला निघालं होतं. पोरी रात्री घराबाहेर राहणार म्हटल्यावर गावात केवढा गहजब झाला होता. कोणी म्हणे मुक्काम कायले, कोणी म्हणे पोट्ट्यांले तंबू शिकून कुठी जायचं आहे. जया महिनाभर घरोघरी फिरली होती. ना पगार, ना भत्ता, वर लोकांचे टोमणे. शेवटी पायलचा बाप सुकलू, तलावावर मासे मारणारा, कमी बोलणारा माणूस, जाळं बाजूला ठेवून म्हणाला होता, "तुया भरोशावर धाडतो, जया. आमी पाहाले येऊ. पण पोट्ट्या मान खाली घालून वापस आल्या, त पुढच्या टाइमाले गावातून एकबी निघणार नाई. मीच नाई धाडणार." त्याने हो म्हटलं म्हणून बाकीच्यांनी म्हटलं होतं. आज दुपारी पिकअप भरून तीच मंडळी मैदानावर उतरणार होती.

पलीकडे इंदिराबाईंचा आवाज चढला, म्हणून जयाने मान वळवली. या वेळी सापडला होता घनश्यामभाऊ, शेजारच्या शाळेचा स्काऊटमास्तर. खाकी शर्टाच्या खिशावर पानाचा लालभडक डाग.

"गणवेश स्वच्छ आणि बिनडागाचा असावा, हे तुम्हाला नव्याने सांगायचं का?"

"बाई, देवाशपथ स्वच्छ आहे. धुतला. घासला. लिंबू लावला. पण काताचा डाग आहे, जाऊनच नाई राह्यला. चुना लागला की काय पक्का होते म्हणून सांगू तुमाले!"

"शर्ट बदला."

घनश्यामभाऊ पुटपुटत निघाला, तर समोर जया.

"भाऊ, खरंच नाई जात?"

"आता तूबी सुरू झाली का?"

"चिडू नोका. मले सांगा, पानठेल्यावर कात किती भेटते?"

घनश्यामने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा झाडाखालच्या पिवळ्या गळ्यांकडे, आणि मग आपल्या खिशावरच्या डागाकडे. डोक्यात प्रकाश पडला तसा तो मोठ्याने हसला.

"अव माय व! बस गाडीवर."

आरमोरीचे पानठेले त्या सकाळी चक्रावून गेले. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून द्या म्हणणारे सारेच, पण गणवेशातली बाई मोटरसायकलवरून उतरते आणि सगळाच्या सगळा कात मागते, हे कोणी पाहिलं नव्हतं. एकाने विचारलं, "बाई, एवढं पान कोण खाते?" घनश्याम म्हणाला, "आख्खं पथक." जयाने त्याच्या पाठीत एक दणका घातला. कात झाला, चुना झाला, पिशवी भरून दोघं परत आले.

पण रंग उकळायचा कशात? मोठी गंजं फक्त भोजनगृहात, आणि त्यांत डाळ शिजत होती. आचाऱ्याला विनवून झालं, दटावून झालं. तो हातातला झारा हलवून म्हणाला, "जेवणं झाल्याबिगर गंज नाई देत. तीनशे पोट्टे उपाशी ठेवू काय?" बरोबरच होतं त्याचं. मग पोरींनी वाढपाला उभं राहून पंगती भराभर उठवल्या. भाताला कोण नको म्हणतं याची वाट न बघता पुढे सरकल्या, बादल्या धावत आणल्या, पत्रावळी उचलल्या. गंज रिकामं झालं तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. स्वातीने ते राखेने घासलं, चूल पेटतीच होती.

पाणी उकळलं, कात विरघळला. जयाने हात पुढे केला.

"आणा स्कार्फ."

एकेकीने सोडून दिला. पायलने गाठ मुठीत धरून ठेवली.

"मी नाई देत."

"पायल, टाइम नाई आहे."

"माया मायनं रंगवला. दिवसभर फुलं तोडली तिनं. पाहाले येऊन राह्यली थे. तिनं कोणता रंग पाहावा मंग?" पोरगी रडायला लागली, पण मूठ सुटेना.

जया चुलीपासून उठली. तिलाही काही कमी वाईट वाटत नव्हतं. गुणाबाईच्या अंगणात तीही ढवळायला बसली होती, त्या पिवळ्यावर तिचाही जीव जडला होता. तिने पायलच्या हातावर आपला हात ठेवला.

"पिवळा काढून नाई राह्यलो आपण. त्याच्यावर चढवून राह्यलो. खालचा जाते कुठी? तुरटी काय कमी टाकली का तुया मायनं?"

पायलला रडता रडता हसू आलं. तिने गाठ सोडली आणि स्वतःच्या हाताने स्कार्फ गंजात बुडवला.

काताच्या पाण्यातून काढले तेव्हा स्कार्फ मातकट, पार पडेल चेहऱ्याचे झाले होते. पोरींची तोंडंही तशीच. मग एकेक चुन्याच्या पाण्यात पडला आणि बघता बघता रंग फिरला. विटकरी, पण खालून पिवळ्याची ऊब आलेला, असा रंग की दुकानात मागून मिळायचा नाही.

"बाप्पा!" स्वाती म्हणाली. बाकीच्यांनी एकच गिल्ला केला.

दोन पाण्यांतून काढून त्या पिळत होत्या, तेवढ्यात शिट्टी झाली.

वाळवायला वेळ कुठला! ओलेच स्कार्फ गळ्यात पडले. रांग लागली. पोरी ताठ उभ्या, आणि प्रत्येकीच्या आकाशी कॉलरवर तांबूस ओघळ हळूहळू उतरतोय. जयाने ते पाहिलं. बिनडागाचा गणवेश! सकाळीच त्यापायी घनश्यामभाऊला शर्ट बदलायला लावला होता.

इंदिराबाई आल्या. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या. परत फिरून पायलसमोर थांबल्या. चष्मा वर केला.

"हा कुठला रंग?"

"कात आहे, बाई." जयाचा आवाज तिला स्वतःलाच लहान वाटला. "पळसावर कात."

बाईंनी पायलच्या स्कार्फचं टोक मुठीत धरलं आणि दाबलं. बोटांमधून तांबडं पाणी आलं, मनगटावरून बांगडीपर्यंत गेलं. त्यांनी हात पुसला नाही. पायलच्या कॉलरकडे पाहिलं, मग स्वातीच्या, मग ओळीने सगळ्यांच्या. 

"हिरवा नाही," बाई म्हणाल्या. "जांभळा नाही. पिवळा तर नाहीच. आणि ओला असू नये असं नियमात कुठे लिहिलेलं मला आठवत नाही."

मागून नवा शर्ट घातलेल्या घनश्यामला राहवलं नाही.

"अन् बाई, डागाचं? मले त सकाळी—"

"तुमचा डाग खाण्याचा होता, घनश्यामभाऊ," बाई मागे न बघता म्हणाल्या. मग पोरींकडे वळल्या आणि त्यांच्या तोंडची ती छापील मराठी एकाएकी गळून पडली. "अव, काऊन उभ्या राह्यल्या? बँड सुरू झाला ना! चाला लवकर!"

पोरी अशा निघाल्या की विचारू नका.

दोरीच्या पलीकडे गर्दी दाटली होती. त्या गर्दीत जयाला गावची मंडळी दिसली. सुकलू पुढेच होता, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली गुणाबाई, तिच्या मागे म्हातारी बायनाबाई. पण ते जयाच्या पथकाकडे बघतच नव्हते. यांच्यावरून नजर पुढे टाकून येणाऱ्या प्रत्येक पथकाच्या गळ्यात पिवळा शोधत होते. पिवळा नव्हताच. गुणाबाईने सुकलूचा दंड धरला. सुकलूचं तोंड उतरलं. पोट्ट्या वापस धाडल्या, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं जयाने वाचलं. हाक मारावी तर चालत्या संचलनात कॅप्टनने हाक कशी मारायची?

व्यासपीठ जवळ आलं. जयाने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या मैदानावर घुमेल असा हुकूम सोडला.

"दाहिने... देख!"

तो आवाज सुकलूने महिनाभर आपल्या दारात ऐकला होता. त्याने झटकन मान वळवली. समोरून पोरी चालल्या होत्या, एकीचंही पाऊल चुकत नव्हतं, माना वर, विटकरी स्कार्फ उन्हात चमकत होते, आणि दुसऱ्या ओळीत त्याची पायल होती.

"अरे, थे पाहा! आपल्या पोट्ट्या होत! आपल्याच होत!" कमी बोलणारा सुकलू असा ओरडला की बँडवाल्याने वळून पाहिलं. बायनाबाईने तर शिट्टीच घातली, या वयात.

व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी उभ्या इंदिराबाईंनी तीन बोटं कपाळाला लावून सलामी घेतली. तिन्ही बोटं काताने रंगलेली होती. पाहुणे खाली वाकून काहीतरी विचारत होते. बाई समोरच बघत राहिल्या.

संध्याकाळी कर्ण्यावरून निकाल आला. संचलनात पहिलं पथक पोंभुर्णा तालुक्यातलं, गळ्यात विटकरी स्कार्फ असलेलं; उन्हाळ्यातल्या राज्य शिबिराला हेच पथक जाणार. पोरींनी जयाला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही म्हणून सगळ्या मिळून गवतावर पडल्या. घनश्याम पेढे आणायला धावला. गुणाबाई पायलच्या गळ्यातला स्कार्फ पुन्हा पुन्हा उलटापालटा करून पाहत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तोंडभर हसू होतं.

जया कपडे झटकत उठली. समोर सुकलू उभा होता. तिचं हसू जरा आवरलं. राज्य शिबिर म्हणजे लांबचा प्रवास, आठवडाभराचा मुक्काम. एका रात्रीसाठी महिनाभर फिरावं लागलं होतं; आता पुन्हा पहिल्यापासून.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाशी एक बोलायचं होतं. त्या शिबिराचं..."

सुकलूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तो पोरींच्या गळ्यांकडे बघत होता.

"तिथी हा रंग चालते का, आधी विचारून घे," तो म्हणाला. "नाई चालत त आत्ताच सांग. मोहफुलं वेचायचा हंगाम लागला की बायांले रंगवाले टाइम नाई भेटत."