साडेचारशेची बाटली जागी होते

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी इंदूरजवळ बेटमा रस्त्यावरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये साडेचारशे रुपयांची रेड वाइन पाच हजारांची झाली. निदान तिथे बसलेल्या ऐंशी जणांचं तसं मत पडलं.

रीत अशी. प्रत्येकासमोर तीन ग्लास. पहिल्यात साडेचारशेची वाइन, गुरुजी सोमप्रभजींच्या भाषेत ‘झोपलेली’. शुभकार्य म्हणून आधी तोंड गोड करायचं, एकेक मावा-बाटी, मग त्या वाइनचा घोट. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आंबट, तुरट, पाणचट. मग सोमप्रभजींनी त्याच बाटलीवरून तांब्याची छडी तीनदा फिरवली, मंत्र पुटपुटले आणि ती वाइन दुसऱ्या ग्लासात ओतवली. आता प्रसादाचं खारं पनीर, मग घोट. तिसऱ्या ग्लासात पाच हजारांची. तुलनेसाठी तीही पनीरबरोबर.

“भिया, सेम टु सेम,” मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

“सस्ती-महंगी कुछ नहीं होती,” सोमप्रभजी माईकवर म्हणाले. “सोई हुई होती है, और जागी हुई. जी वाइन जागते ती नाड्या जागवते. रोज सकाळी दोन चमचे, अनशापोटी. फिर गोली की क्या ज़रूरत? गोली तो ज़हर है.”

पुढच्या रांगेत बसलेल्या नानांनी मान हलवली. नाना वीज खात्यात मीटर तपासायचे, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या त्यांनी सहा दिवसांपासून बंद केल्या होत्या. मुलगी अबोलीला हे त्या दिवशी दुपारी कळलं. सव्वाचारला डॉक्टरांनी फोनवर तिला एवढंच सांगितलं: इतक्या लवकर गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आत्ता घेऊन या.

अबोली गार्डनमध्ये पोचली, पण नाना उठायला तयार नव्हते.

“खोटं आहे ना? मग दाखव मला,” ते अबोलीला म्हणाले. “मी माझ्या जिभेनं चाखलंय. दाखवलंस तर याच मिनिटाला येतो.”

“नाना, प्लीज. तमाशा नको. गाडीत बोलू.”

“गाडीत काय बोलायचंय, बेटा? चाळीस वर्षं मीटर तपासलेत. डोळे झाकून कशावर विश्वास ठेवत नाही मी.”

अबोलीबरोबर तिची मैत्रीण धम्मदीना आली होती. ती महूला शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिचं लक्ष छडीकडे नव्हतं. ती टेबलावरच्या बशा बघत होती. तिनं वाढणाऱ्याला हाक मारली.

“भैया, सेव नाही आणली?”

“गुरुजींनी मना केलंय, मॅडम. सिर्फ़ मावा-बाटी आणि पनीर. वो भी इसी नंबर से, पहले बाटी, फिर पनीर.”

“इंदूरमध्ये पार्टी आणि सेव नाही,” धम्मदीना अबोलीला हळू म्हणाली. “तिखटाबरोबर वाइन घसा जाळते. या माणसाला ते माहीत आहे. आणखीही बरंच माहीत असणार.”

ती नानांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. “नाना, पहिल्या ग्लासात थोडी उरलीय. त्यावर छडी फिरलेली नाही, बरोबर? आता पनीर खा आणि ती प्या.”

“दीदी, विधी का क्रम मत तोड़िए,” स्टेजवरून आवाज आला. माईक चालू होता, सगळ्या माना वळल्या. “नानाजी, श्रद्धा कम हुई तो असर उलटा होगा.”

नानांनी पनीर तोंडात टाकलं, सावकाश चावलं, पहिल्या ग्लासातला घोट घेतला. आणखी एक घोट घेतला.

“मऊ लागतेय,” ते म्हणाले.

“आता मावा-बाटी. मग तिसरा ग्लास, पाच हजारवाला.”

नानांचा चेहरा कसनुसा झाला. कैरी चावल्यासारखा.

“गोडावर अशी वाइन आंबट आणि तुरट लागते,” धम्मदीना म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, तरी तीन टेबलांपर्यंत ऐकू गेला. “मीठ आणि स्निग्ध पदार्थ तोच तुरटपणा लपवतात. बाटली बदलली नाही, तुमचं तोंड बदललं. स्वस्त आणि महाग यात फरक असतो, पण तो बघायचा तर लेबल झाका, साधा पाव खा, मधे पाणी प्या.”

शेजारच्या टेबलावर बशा उलटसुलट सरकू लागल्या. इंदूरच्या लालबागला दुकान असलेले एक गृहस्थ हातातल्या ग्लासकडे बघत म्हणाले, “लो भिया, मेरी पाँच हज़ार वाली भी सो गई.”

कुणी हसलं, कुणी चिडून त्यांना गप्प केलं. सोमप्रभजी ‘नकारात्मक ऊर्जे’बद्दल बोलू लागले.

“पनीरबरोबर साडेचारशेची छान लागते, हे शिकलात ते चांगलं झालं,” धम्मदीना नानांना म्हणाली. “त्याला गुरू लागत नाही. पण जीभ फसली म्हणून हृदयाचं औषध सोडायचं नसतं. जे एकदा पटलं, ते क्रम उलटा करून पुन्हा तपासायचं. तुम्ही मीटरचं तेच करायचात ना?”

नानांनी ग्लास खाली ठेवला. मग त्यांचा हात छातीवर गेला.

“अबोली, गाडी काढ,” ते म्हणाले. “सकाळपासून इथे दाबल्यासारखं वाटतंय. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, नाड्या खुलताहेत.”

पाच वाजून चाळीस मिनिटांनी गाडी गार्डनच्या फाटकातून बाहेर पडली. सहा वाजून बावीस मिनिटांनी हॉस्पिटलात नानांचा ईसीजी निघाला. तो बघून डॉक्टरांनी अबोलीला एकच प्रश्न विचारला, गोळ्या किती दिवस बंद आहेत, आणि स्ट्रेचर सरळ अँजिओप्लास्टीच्या खोलीकडे, कॅथ लॅबकडे वळवलं.

सोमप्रभजींचा पुढचा कार्यक्रम रविवारी कृष्णपुऱ्याजवळच्या एका हॉलमध्ये आहे. तो रद्द झाल्याची सूचना अजून कुणाला आलेली नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी कॅथ लॅबच्या दारावरचा लाल दिवा चालू होता. आतून कुणी बाहेर आलेलं नव्हतं.