गाजर दिसावा म्हणून

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या घरात साप आहे हे खालच्या मजल्यावरच्या घरमालकाला कळलं असतं, तर त्याला बिऱ्हाडच हलवावं लागलं असतं. साप त्याच्या लेकीचा. बिनविषारी कॉर्न स्नेक, रंगाने नारिंगी, म्हणून तिने नाव ठेवलं गाजर. आईबाप वेगळे झाले, लेक आईकडे गेली. आईला साप नजरेसमोर नको, म्हणून गाजर बाबाकडे राहिला. दर रविवारी ती त्याला बघायला यायची. आपल्याला बघायला येते असं समजण्याइतका बाइंडर भाबडा नव्हता.

पण गाजर दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यात दडी मारून बसायचा. लेक काचेच्या पेटीसमोर मांडी घालून बसायची. खोकं उचलू का विचारलं तर नको म्हणायची. एका रविवारी तिने दोनदा घड्याळ पाहिलं, ते बाइंडरच्या नजरेतून सुटलं नाही. तेरा वर्षांची पोर, नुसतं खोकं बघायला किती दिवस येणार?

पुढच्या शनिवारी त्याने खोकं काढून टाकलं. आडोशाला ठेवलेली झाडाची सालही काढली. पेटीत उरली पाण्याची वाटी आणि साप.

रविवारी गाजर काचेला नाक घासत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होता. खोकं ओलं होऊन फाटलं, नवं करतो, असं बाइंडरने ठोकून दिलं. लेक हरखली. तासभर जास्त थांबली, शाळेतल्या गोष्टी सांगत बसली. खोकं करणं म्हणजे त्याच्या हातचा मळ, दहा मिनिटांचं काम. ते त्याने महिनाभर केलं नाही.

गाजरने खाणं सोडलं. नाकावरचे खवले सोलवटले. शेवटी दोघं त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. पेटीत लपायला काय आहे, असं बाईंनी विचारलं. काही नाही, पण दिवसभर छान हिंडतो, असं बाइंडरने सांगितलं.

"हा हिंडत नव्हता," बाई म्हणाल्या. "जागा शोधत होता. अंगाला चहूबाजूंनी काही टेकलं की यांना धीर येतो. लपतो म्हणजे आजारी आहे असं नाही. लपता येतं म्हणूनच तो धड राहतो."

परतताना दोघं टॅक्सीत बसली. मग तिने विचारलं, "खोकं फाटलं नव्हतं ना, बाबा?"

"नाही."

"मग का काढलंस?"

"तुला तो दिसावा म्हणून."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नसता दिसला तरी मी येतच होते की."



तिने आईला कसं पटवलं कोण जाणे, पण त्याच आठवड्यात ती गाजरला घेऊन गेली. बाइंडरने पेटी स्वतः खाली उतरवली, ऊब देणारी पट्टी नीट गुंडाळून दिली. वीस दिवसांनी गाजरने खाल्लं, असं तिने फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, रविवारी येतेस? बघते, म्हणाली.

रागावली असती तर निदान समजूत घालायला निमित्त मिळालं असतं. पण ती रागावली नव्हती. फोन उचलायची, जेवलास का विचारायची, नीट बोलायची. आणि दोन मिनिटं झाली की हळूच म्हणायची, "ठेवू?"

तो म्हणायचा, "ठेव."